चंदनाखालचा कर्णा

डॉक्टर विजयराघव यांच्या दवाखान्यातील खुर्चीत मान मागे टेकली की रुग्णाला छत दिसत नाही. दिसते ते भिंतीत उंचावर बसवलेले काचेचे कपाट आणि त्यातील तीन फोनोग्राफ. पोट्रामरै तळ्याच्या काठच्या या दवाखान्यात दात उपटून घेणाऱ्या कुंभकोणमकरांनी ती यंत्रे आ वासून पाहिली आहेत. ती वाजतात का, हा प्रश्न सर्वांच्याच मनात येतो; पण तोंडात आरसा असल्यामुळे विचारता कोणालाच येत नाही. बाहेर पडल्यावर, गाल धरून, एखादा चिकाटीचा माणूस विचारतोच. तेव्हा डॉक्टर हात पुसत सांगतात की वाजणे दुय्यम आहे. यंत्र मूळचे असले पाहिजे.

मूळचे असणे ही त्यांच्या आयुष्यातील एकमेव चैन होती. तबकड्यांचे ग्रामोफोन त्यांना आकर्षित करीत नसत; त्यांना हवे असत त्याहून जुने, मेणाच्या नळकांड्यावर चालणारे फोनोग्राफ, आणि तेही स्वस्तात. तंजावरकर मराठी घरांतून, साक्कोट्टैच्या भंगारवाल्यांच्या पत्र्याखालून, कारैकुडीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून ते रविवार रविवार हिंडत. हल्ली पर्यटकांसाठी चकचकीत पितळी कर्ण्याची, आत कसलाही जुना भाग नसलेली यंत्रे सर्रास बनवून विकली जातात. असे यंत्र समोर आले की डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हिरडीतला पू पाहिल्यासारखा भाव येई.

तपासणीची त्यांची रीत व्यवसायातून आली होती. पेटी उलटी करणे विकणाऱ्याला आवडत नाही, म्हणून ते दाढांमागे पाहण्याचा छोटा गोल आरसा आणि विजेरी घेऊन यंत्राच्या पोटात बघत. स्क्रूच्या खाचा बोथट झाल्या असल्या तर कोणीतरी आधी आत हात घातला आहे. पट्टीवरचा क्रमांक आणि पेटीखालचा क्रमांक जुळला पाहिजे. शेवटी कर्णा: मूळचा कर्णा लोखंडी पत्र्याचा असतो, काळ्या रंगाचा, कमळासारख्या पाकळ्यांचा, पाकळीच्या कडेला सोनेरी रेघ. त्याला ते खिशातले लोहचुंबक लावून बघत. चिकटले तर खरा. याखेरीज एक नियम होता, तो त्यांनी कोणाला सांगितला नव्हता. विकणाऱ्याला यंत्राची गोष्ट सांगू द्यायची नाही. आजोबांनी कुठून आणले, त्यावर कोणाचा आवाज ऐकला, हे सांगता सांगता विकणाऱ्याला आपल्याच वस्तूचा मोह पडतो आणि किंमत चढते. डॉक्टर दुसऱ्याच्या तोंडातले शब्द थांबवण्यात वाकबगार होते. दिवसभर त्यांचा तोच उद्योग होता.

एवढे करूनही कपाटातील तिन्ही यंत्रे निर्दोष नव्हती. एकाचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई बसते ती डबी, नंतरचा होता, दुसऱ्याची पेटी बदललेली, तिसऱ्याला कर्णाच नव्हता. एक तरी यंत्र संपूर्ण मूळचे असावे, एवढीच त्यांची आकांक्षा होती. ती साधी आकांक्षा राहिली असती, जर गावात चंद्रमौली नसता.

चंद्रमौली लग्नामुंजींच्या स्वयंपाकाचे ठेके घेत असे. देहाने ऐसपैस, आवाजाने त्याहून ऐसपैस, गोविंदपुरमच्या विठ्ठलमंदिरात दर एकादशीला भजनानंतरची पंगत त्याच्याकडे. हौसेखातर तोही जुनी यंत्रे जमवी आणि ती त्याला काही न करता मिळत. कार्य असलेल्या घरात त्याची माणसे मोठी पातेली ठेवायला माळ्यावर चढत, आणि माळ्यावर जे असेल ते चंद्रमौलीच्या नजरेस पडे. घरधनी सांभाराच्या चवीवर खूश असे, म्हणे, "न्या हो, आमच्या काय कामाचं." डॉक्टरांना माणसांची तोंडे उघडून दिसत, चंद्रमौलीला माणसांची घरे उघडून दिसत. या तुलनेने डॉक्टरांची झोप अनेकदा बिघडली होती.

त्यातही सर्वांत मोठा काटा एका कर्ण्याचा होता. चंद्रमौलीच्या बैठकीत एक हास्यास्पद यंत्र होते: पेटी फणसाच्या लाकडाची, गावातल्या सुताराने केलेली, आतले यंत्र दुसऱ्याच कोणत्या तरी मशीनचे, हँडल शिवणयंत्राचे असावे अशी शंका येण्याजोगे. आणि त्या सगळ्या गोंधळावर एक अस्सल, मूळचा, सोनेरी रेघांचा लोखंडी कर्णा. एका घरी तो भाताच्या कोठीत धान्य ओतायला नरसाळ्यासारखा वापरीत होते, तेथून चंद्रमौलीने तो फुकट आणला. डॉक्टरांनी एकदा चुंबक लावून पाहिले होते. चुंबक असे चिकटले की ओढून काढावे लागले.

"विकतोस का, चंद्रू?" त्यांनी विचारले होते.

"कायला विकूं? वाजतं की." चंद्रमौलीने हँडल फिरवले, आणि त्या खिचडीतून खरोखरच कोणा विस्मृत गायकाचा नाकातला सूर उमटला. घरातली मुले टाळ्या वाजवू लागली. डॉक्टर कॉफी अर्धी टाकून निघाले. त्यांच्या यंत्रांपुढे कोणी कधी टाळी वाजवली नव्हती.

नवरात्र सुरू झाले त्या आठवड्यात चंद्रमौलीची दाढ दुखू लागली आणि तो खुर्चीत येऊन बसला. इंजेक्शन देऊन ओठ बधिर होण्याची वाट बघत असता तो वर कपाटाकडे बघत म्हणाला, "डाक्टर, पापनाशमला कामाक्षीअक्कांकडे एक आहे. तुमचं ते नळकांड्याचं. वैशाखात त्यांच्या पुतण्याच्या मुलाची मुंज केली, तेव्हां बघितलं. सगळं जागच्या जागी."

डॉक्टरांचा हात थांबला. कामाक्षीअक्का म्हणजे पापनाशमच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. डॉक्टरांच्याच नात्यातल्या, लांबच्या का होईना. त्यांच्या घरी आपण दोनदा जेवलो आहोत आणि आपल्याला कोणी माळा दाखवला नाही, हे डॉक्टरांच्या मनात तापलेल्या सुईसारखे शिरले.

"त्या आता चेन्नैला बहिणीकडे राहायला जातात," चंद्रमौली सांगू लागला. त्याची जीभ जड होत चालली होती. "म्हणाल्या, यंदाची सरस्वतीपूजा इथं होऊ दे, मग कोणी नेलं तरी चालेल. मी विजयादशमीला जातों. तुम्हीही चला. तुमच्या डोळ्यांनी बघितलं म्हणजे मज खात्री. त्यातला कर्णा म्हणजे माझ्या…"

"तोंड उघड," डॉक्टर म्हणाले, आणि दोन्ही गालांत कापसाचे बोळे भरले.

दाढ कोरत असता त्यांच्या मनात एकच गोष्ट चालली होती. हा मनुष्य मला बोलावतो आहे ते मदतीला नव्हे, साक्षीला. मी आरशाने बघून म्हणावे की सगळे मूळचे आहे, आणि ते ह्याने उचलून न्यावे. फणसाच्या पेटीशेजारी ठेवावे. मुलांनी टाळ्या वाजवाव्यात.

"येतां ना?" जाताना चंद्रमौलीने सुजलेल्या ओठांनी विचारले.

"बघू," डॉक्टर म्हणाले.

ते गेले ते विजयादशमीला नव्हे, आदल्या दिवशी.

आता या आदल्या दिवसाची रीत सांगितली पाहिजे. आयुधपूजेला या गावात प्रत्येकजण आपल्या धंद्याची हत्यारे धुऊन देवीपुढे ठेवतो. रिक्षावाला रिक्षा, शिंपी कात्री, विद्यार्थी पुस्तके. त्यांना चंदनाचे आणि कुंकवाचे टिळे लावले, फुले वाहिली, की दुसऱ्या दिवशी पूजा उतरवीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या दिवशी कोणी वाचत नाही, शिवत नाही, वाद्य वाजवीत नाही. डॉक्टरांच्या घरीही सकाळी पत्नी श्रीदेवी यांनी चिमटे, आरसे, विजेरी पाटावर मांडून एकेकाला टिळा लावला होता. चिमट्यांच्या ओळीत लोहचुंबकही होते. डॉक्टरांनीच ते ठेवले होते, कारण त्यांच्या मते तेही त्यांचे आयुधच.

"आज कुठं निघालांत?" श्रीदेवींनी विचारले. "दवाखाना बंद, रस्त्यात सगळे पूजेत."

"पापनाशमला. अक्कांना भेटून येतों. त्या जायच्या आहेत ना चेन्नैला."

"इतकी वर्षं आठवण नाही झाली ती."

डॉक्टरांनी पाटाकडे पाहिले. आरसा चंदनाने माखला होता. चुंबकावर शेवंतीचे फूल होते. क्षणभर त्यांचा हात पुढे गेला, आणि तिथेच राहिला. देवीपुढचे उचलण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते. आणि उद्यापर्यंत थांबण्याचे त्याहून नव्हते. ते मोकळ्या खिशाने गाडीत बसले.

कामाक्षीअक्कांचे घर रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत होते. अर्धे सामान बांधून झाले होते. पूजेच्या खोलीत मात्र सरस्वतीपुढे पुस्तकांचा ढीग, एक हार्मोनियम, आणि त्यांच्या शेजारी, झेंडूच्या हारात, फोनोग्राफ. डॉक्टर उंबऱ्याशीच थांबले. ओक लाकडाची पेटी, पट्टीवरचा क्रमांक उभ्याने वाचता येईल असा स्वच्छ, साउंडबॉक्स त्याच काळाचा, हे चार हातांवरूनही कळत होते. कर्णा काळा, पाकळ्यांचा, पाकळीच्या कडेला मळकट सोनेरी रेघ. प्रत्येक पाकळीवर चंदनाचा टिळा होता आणि कर्ण्याच्या गळ्याशी तर तळहाताएवढा जाड लेप, मधोमध कुंकू.

"आत या की," अक्का म्हणाल्या. "फक्त हात लावू नका. आज वाद्याला विश्रांती."

"छे छे. मी कशाला लावू."

ते पाटासमोर गुडघ्यांवर बसले. अक्कांना वाटले, नमस्कार करताहेत. टिचकी मारून पत्र्याचा आवाज ऐकावा अशी त्यांच्या बोटांना इतकी ओढ लागली की त्यांनी हात जोडून ठेवले. आकार बरोबर होता. रंग जुना होता. रंगाचे पोपडे ज्या रीतीने निघाले होते तसे आजकालच्या नकलांत काढता येत नाहीत. उद्या सकाळी त्या दारात चंद्रमौलीची व्हॅन येऊन थांबणार होती.

"अक्का, हे मी घेतों," ते उठता उठता म्हणाले.

"आजच? उद्या चंद्रू बघायला येतों म्हणाला होता. शब्द काही दिला नाही मी, पण…"

"त्याच्याकडे ते कशाला जपलं जाईल? तो हँडल मोडून शिवणयंत्राचं लावील."

अक्का हसल्या. डॉक्टरांनी दिलेली किंमत वाजवी नव्हती. पण आवरत्या घराला एका वस्तूचे ओझे कमी होते, आणि देणारा नात्यातला. "नाहीतरी घरातच राहील," त्या म्हणाल्या. "उद्या पूजा उतरवली की पहाटेच पाठवून देतें. कर्ण्याला तेवढं संभाळा हां. त्याची एक गंमत आहे. मी लहान असतांना…"

"उद्या सांगा, अक्का. गाडी उभी आहे."

गाडी उभीच होती; तिला कुठे जायची घाई नव्हती.

विजयादशमीच्या सकाळी फोनोग्राफ आला. डॉक्टरांनी स्वतःच्या हत्यारांची पूजा उतरवली, ओल्या फडक्याने चंदन पुसले आणि नवा विद्यार्थी पहिले अक्षर गिरवतो तशा भक्तीने कामाला बसले. आरसा आत घातला. क्रमांक जुळले. स्क्रूच्या खाचा कोऱ्या. पट्टा मूळचा, चामडे वाळलेले. डॉक्टर गुणगुणू लागले. श्रीदेवी स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या, कारण गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी ते ऐकले नव्हते. मग डॉक्टरांनी चुंबक कर्ण्याला लावले आणि हात काढला. चुंबक टाइलवर पडले.

त्यांनी ते उचलून दुसऱ्या पाकळीला लावले. तिसऱ्या. मग गळ्याशी वाळलेला चंदनाचा लेप नखाने काढला. त्याच्याखाली रंगाचा टवका उडाला होता. पत्रा आत पिवळा होता. सांध्याला डाख हाताने लावलेला, आणि आतल्या बाजूला, विजेरीच्या उजेडात, माशाच्या खवल्यांसारख्या हातोडीच्या खुणा. कोणीतरी, केव्हातरी, मूळ कर्ण्याच्या बरहुकूम पितळी कर्णा घडवून त्याला काळा रंग दिला होता. एक टिचकी पुरली असती; साधे पितळ होते, देवळातल्या घंटेच्या कुळातले.

"काय झालं?" श्रीदेवींनी विचारले.

"काही नाही."

"मग चेहरा असा का?"

"बाकी सगळं मूळचं आहे," ते म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी एकादशी. गोविंदपुरमला न जावे तर लोक कारण विचारतील, म्हणून ते गेले. बातमी पोचलीच होती. भजनानंतर फराळाच्या पानावर बसलेल्या चौघांनी अभिनंदन केले. चंद्रमौली वरईच्या भाताचे भांडे घेऊन वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आला आणि थांबला. डॉक्टरांनी मनात उत्तर तयार ठेवले होते: नाते, अक्कांचा आग्रह, घाई. पण चंद्रमौलीने ते विचारलेच नाही.

"डाक्टर, कर्णा बघितलांत?"

"बघितला."

"कसा आहे?"

आजूबाजूचे ऐकत होते. डॉक्टर पानाकडे बघत म्हणाले, "मूळचा."

"लोखंडी?"

"मग काय."

"नीट बघितलांत ना? चुंबक लावून?"

"चंद्रू, मी कधी चुंबक लावल्यावाचून बोलतों का?"

चंद्रमौली भांडे धरून उभा राहिला. त्याच्या रुंद चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेले. "सरी, बरं तर," तो म्हणाला. "तुम्ही म्हणतां म्हणजे तसंच." आणि पुढे गेला. दही वाढायला आला तो दुसराच माणूस.

परतीच्या वाटेवर डॉक्टरांना कित्येक वर्षांत लाभले नव्हते असे समाधान लाभले. तो चेहरा त्यांनी पुन्हा पुन्हा आठवला. मत्सर कसा दिसतो हे त्यांना बाहेरून पाहायला मिळाले होते. आतून तो त्यांच्या परिचयाचाच होता. कर्णा खोटा होता खरा, पण चंद्रमौलीच्या लेखी तो खराच, आणि जळायला तेवढे पुरते. घरी येऊन त्यांनी यंत्र कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवले, पोपडा उडालेली बाजू भिंतीकडे करून. तेथे ते दिवाळीपर्यंत राहिले. रुग्ण ते पाहत, आणि डॉक्टर मात्र त्याच्याकडे पाहायचे टाळत.

चेन्नैला जाण्यापूर्वी कामाक्षीअक्का कवळी घट्ट करून घ्यायला दवाखान्यात आल्या. कवळी काढलेल्या तोंडाने त्यांनी मान मागे टेकली, वर पाहिले, आणि ओळखीचे माणूस दिसावे तशा हसल्या.

"त्याची गंमत राहिलीच सांगायची," त्या म्हणाल्या. शब्द बोळके होते, पण मुख्याध्यापिकेचा स्वर शाबूत होता. "मूळचा कर्णा आमच्या बाबांच्या हातून पडला आणि त्यावरून बैलगाडी गेली. मी सात-आठ वर्षांची असेन. तेव्हां कुंभकोणमहून, भांड्यांच्या कारखान्यातून, एक तरुण माणूस आला. त्यानं आमच्या अंगणात बसून तो चेपलेला कर्णा उलगडला, एक एक पाकळी कागदावर आखून घेतली, आणि पितळेचा तस्सा घडवला. रंग गाड्या रंगवणाऱ्यानं दिला. मी दिवसभर त्याच्यासमोर बसून असायची. तो माणूस म्हणजे चंद्रूचा बाप."

डॉक्टरांच्या हातातली कवळी ओली होती. ती निसटू नये म्हणून त्यांनी ती ट्रेमध्ये ठेवली.

"मुंजीच्या वेळी हे मी चंद्रूला सांगितलं. तो तिथंच खाली बसला, सगळं वाढप सोडून. बाप गेला तेव्हां तो रांगत होता. आणि पितळेचं तुम्हांस ठाऊकच आहे. जुनं द्यावं, नवं घ्यावं. त्या माणसानं घडवलेली घागर, तांब्या, समई, सगळं कधीच वितळून दुसऱ्याचं झालं. हे तेवढं रंगामुळं राहिलं. कोणास कळलंच नाही की पितळ आहे." त्यांनी श्वास घेतला. "एकादशीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. अक्का, तुमची आठवण चुकली. डाक्टरांनी चुंबक लावून बघितलं, लोखंडी आहे. मी म्हटलं, असेल बाबा. वय झालं. पण मज तो हातोडीचा आवाज आठवतो हो."

त्यांनी मान वळवली आणि वर्गातल्या मुलाकडे बघावे तसे डॉक्टरांकडे पाहिले. "तुम्ही खरंच लावलं होतंत चुंबक?"

"तोंड उघडा," डॉक्टर म्हणाले.

अक्कांनी मुकाट्याने तोंड उघडले.

त्यानंतरचे काही दिवस डॉक्टरांनी जे सोसले त्याला पश्चात्ताप म्हणणे सभ्यपणाचे ठरेल, पण खरे ठरणार नाही. पश्चात्ताप होता, तो तळाशी होता. वर तरंगत होता तो जुनाच विकार, आता नव्या रूपात. पंगतीत उतरलेला तो चेहरा मत्सराचा नव्हता, हे कळल्याने त्यांची एकुलती एक जीत हिरावली गेली होती. शिवाय चंद्रमौलीला हवी असलेली वस्तूही त्यांच्या मापात बसणारी नव्हती. अस्सल कर्णा गमावल्याचे दुःख त्यांना समजले असते. ह्याला हवा होता नकली, आणि नकली म्हणूनच हवा होता. त्यांचे स्वतःचे वडील मुन्सफ कोर्टात कारकून होते. त्यांच्या हातचे म्हणून दाखवता येईल असे घरात काहीही नव्हते. माळ्यावरच्या वस्तू तर ह्याला मिळतातच, आता बापही माळ्यावरून मिळाला. असा विचार मनात आला तेव्हा डॉक्टर स्वतःलाच घाबरले. जेवताना त्यांनी श्रीदेवींना सगळे सांगून टाकले, शेवटचा विचार वगळून.

श्रीदेवींनी ताटात भात वाढला. "लोकांना काय सांगाल, याची काळजी लागली आहे तुम्हांस."

"लोकांना मी सांगितलं ना, मूळचा म्हणून."

"मग ठेवा. रोज बघा वर."

कार्तिकातल्या एका सकाळी, रुग्ण यायच्या आत, त्यांनी कर्णा पेटीपासून सोडवला, नेसायच्या एका जुन्या वेष्टीत गुंडाळला आणि चंद्रमौलीच्या घरी गेले. चंद्रमौली ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. लग्नसराई तोंडावर होती. अंगणात धुतलेली पातेली उपडी घातलेली.

"या डाक्टर. दाढ बरी आहे माझी."

डॉक्टर बसले नाहीत. वाक्य त्यांनी वाटेत तीनदा जुळवले होते. ते आता येईना. त्यांनी वेष्टी उलगडली, कर्णा ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला, खिशातून चुंबक काढून पाकळीला लावले आणि हात काढला. चुंबक घरंगळत चंद्रमौलीच्या पायाशी गेले.

चंद्रमौलीने ते उचलले. स्वतः लावून पाहिले. पडले. पुन्हा लावले, पुन्हा पडले. मग त्याने एक बोट वाकवून कर्ण्यावर टिचकी मारली. ओसरीभर नाद पसरला आणि बराच वेळ राहिला.

"मूळचा म्हणाला होतां," तो म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता.

"चुंबक पूजेत होतं. घेतेवेळी बघतां आलं नाही."

"एकादशीला तर बाहेर आलं होतं की ते."

"आलं होतं," डॉक्टर म्हणाले.

चंद्रमौलीने त्यांच्याकडे इतका वेळ पाहिले की डॉक्टरांना वाटले, आता हा बोलणार, आणि सगळी गल्ली ऐकणार. पण तो कर्णा उचलून उजेडाकडे गेला. "तुमचा तो आरसा आहे काय?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारले. "आंत बघायचं आहे."

डॉक्टरांनी आरसा दिला, विजेरी धरली. दोघांची डोकी कर्ण्याच्या तोंडाशी आली. आत खवल्यांसारख्या खुणा गळ्यापर्यंत ओळीने उतरत गेल्या होत्या. जवळून पाहता प्रत्येक खूण किंचित डावीकडे कललेली होती.

"डावखुरा होता," डॉक्टर म्हणाले. हे निदान त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेले.

चंद्रमौलीने आरसा खाली घेतला. त्याच्या डाव्या हातात अजून अडकित्ता होता. त्याने त्याकडे पाहिले, आणि आत गेला. आतून खुडबुड ऐकू आली. बाहेर आला तो लोखंडी कर्णा घेऊन, सोनेरी रेघांचा, ज्याच्यासाठी डॉक्टर कित्येक वर्षे तळमळले होते.

"हा न्या."

"मी त्यासाठी आलों नाही."

"मज ठाऊक आहे तुम्ही कायसाठी येतां." चंद्रमौली पहिल्यांदाच हसला. "न्या हो. माझ्या पेटीवर दोन कर्णे कुठं लावूं? आणि आता कॉफी पुरती प्या. मागच्या वेळी अर्धी टाकलीत. बायको अजून बोलते."

त्या दिवशी दुपारी पापनाशमचा फोनोग्राफ संपूर्ण मूळचा झाला. डॉक्टरांनी पेटीपासून साउंडबॉक्सपर्यंत सगळे पुन्हा तपासले. चुंबक कर्ण्याला चिकटले आणि तिथेच राहिले. सोनेरी रेघ अखंड. एकही दोष नाही. एका नळकांड्यावर त्यांनी सुईही ठेवून पाहिली. यंत्र वाजले, अगदी बरोबर वाजले. श्रीदेवी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या.

"झालं मनासारखं?"

"झालं."

"मग कपाटात ठेवा. चारला रुग्ण आहे."

ते उठले नाहीत. पुढे वाकून त्यांनी कर्ण्याच्या गळ्याशी नाक नेले. अक्कांच्या घरून आलेल्या त्या दुसऱ्या कर्ण्याला, पुसल्यावरही, सांध्यांत मुरलेल्या चंदनाचा वास होता, कित्येक दसऱ्यांचा. या कर्ण्याला लोखंडाचा होता, आणि अगदी खोलवर, भाताच्या कोंड्याचा. एव्हाना चंद्रमौलीने ते सोंग फणसाच्या पेटीवर चढवले असेल. मुले जमली असतील. तो त्यांना सांगत असेल की हा तुमच्या आजोबांनी केला, डाव्या हाताने. डाक्टरांनी आरसा लावून बघितलं.

निदान तेवढे तरी त्याने सांगावे, असे त्यांना फार वाटले. मग त्यांनी चुंबक ओढून काढले, खिशात टाकले आणि पुढच्या रविवारी साक्कोट्टैला जायचे ठरवले.